भुरीबाईचं तिकीट

आर्णी,
१८ ऑगस्ट २०२५

प्रिय संघदीप,
सप्रेम जयभीम.

रविवारी तुमच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रातून दहा मिनिटांचा फोन येतो. त्यातली नऊ मिनिटं आई घेते, आणि दहाव्या मिनिटाला तू तिला 'रडू नको' म्हणतोस. तुझा मोबाइल तिथे कपाटात कुलपाआड, माझ्या वाट्याला काही उरत नाही. म्हणून शेवटी टपाल हपिसातून पाकीट आणलं. पाकीट मागितल्यावर बाबू माझ्याकडे टकमका बघत राहिला.

जाताना तू म्हणाला होतास, "ताई, सगळं करून ठेवलं, तू फक्त बटण दाब." मी बटण दाबलं. माझ्या संगणक केंद्रातलं मोठं यंत्र सुरू झालं, त्यातलं लिनक्स सुरू झालं, आणि त्याच्या पोटात तू बसवलेली चारही व्हर्च्युअल मशीन जागी झाली. एका यंत्राच्या पोटात चार यंत्रं म्हटल्यावर आपल्या विद्यार्थिनी तोंडात बोटं घालून बघत होत्या. मग त्या समोरच्या चार जुन्या लॅपटॉपवर बसल्या. या लॅपटॉपांत स्वतःचा जीव नाही, त्यांनी फक्त पोटातल्या यंत्रांचा पडदा दाखवायचा, असं तूच सांगितलं होतंस. पण एकाही लॅपटॉपला पोटातलं एकही यंत्र सापडत नाही. उलट पोटातून बाहेर मात्र बिनबोभाट जाता येतं. भुरीबाईतून मी आर्णीचं हवामान पाहिलं.

आणि यंत्रांना ही नावं काय ठेवलीस? लालीबाई, भुरीबाई, गोविंदा, इंद्रजित. बोरी अरबच्या आपल्या गल्लीत लालीबाई आणि भुरीबाई नळावरून भांडल्या त्याला जमाना झाला, अजून एकमेकींचं तोंड बघत नाहीत. त्यांची नावं दिल्यावर यंत्रं तरी कशी बोलणार?

मला हसू येतंय, पण भीतीही वाटतेय. विजयादशमीला बाबा दीक्षाभूमीला जाणार, आणि येताना वाट वाकडी करून आर्णीत उतरणार. त्या दिवशी केंद्र चालू दिसलं तर ही खोली माझी. नाहीतर सामान बांधून बोरी अरबला जायचं आणि आत्याने काढलेलं दारव्ह्याचं स्थळ मुकाट्याने पाहायचं. तसा शब्द मी बाबांना दिला आहे. पोरींची ऑनलाइन परीक्षाही जवळ आली. निशिगंधा तर रोज महागावहून एसटीने येते.

घरमालक सदाशिवराव तुला आठवत असतील, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. वायफाय त्यांचं. एक यंत्र आणि चार लॅपटॉप, अशी पाच तिकिटं त्यांनी मला दिली आहेत. राउटरवर कोण कोण आहे याची यादी त्यांना फोनवर दिसते, आणि जेवण झालं की ते ती वरून खालपर्यंत तपासतात. सहावं कोणी चढलेलं त्यांना खपणार नाही.

लवकर कळव, काय करू?
तुझी,
प्रियंका

•

प्रशिक्षण केंद्र,
२६ ऑगस्ट २०२५

प्रिय ताई,
जयभीम.

पत्र मिळालं. तू कॉमर्सवाली, तुझा दोष नाही. हा माझ्या हातचा मळ आहे.

नीट ऐक. पोटातली यंत्रं सध्या 'नॅट'वर आहेत. म्हणजे ती बाहेर जाताना मोठ्या यंत्राचं नाव सांगून जातात. त्यामुळे बाहेरून कोणी भुरीबाईला शोधत आलं, तर असं कोणी इथे राहतच नाही, असं उत्तर मिळतं. त्यांना 'ब्रिज'वर टाक. म्हणजे पूल. पुलावर आली की राउटर प्रत्येकीला स्वतःचा पत्ता देईल आणि लॅपटॉपना त्या थेट सापडतील.

त्यासाठी नेटवर्कच्या फाइलमध्ये लिहायच्या आठ ओळी मागच्या पानावर दिल्या आहेत. जशाच्या तशा उतरव. ओळीच्या सुरुवातीला सोडलेली मोकळी जागा फार महत्त्वाची, एक घर इकडचं तिकडे झालं तर लिनक्स ऐकत नाही.

इथे पहाटे धावायला लावतात, गुडघे बोलायला लागलेत. पण संगणकाचा विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघतात. साहेबसुद्धा. त्यामुळे काळजी करू नको, तुझा भाऊ आहे.

संघदीप

•

आर्णी,
३ सप्टेंबर २०२५

प्रिय संघदीप,

तुझ्या आठ ओळी मिळाल्या. तुझं अक्षर लहानपणापासून उताराला लागलेलं. पहिली ओळ समासात, तर आठवी थेट पानाच्या मध्यावर. आता यातली मोकळी जागा कोणती आणि घसरगुंडी कोणती हे मी कसं ओळखायचं? पट्टी लावून पाहिली. निशिगंधा म्हणाली, "ताई, देवाचं नाव घ्या अन् अंदाजानं सोडा." अंदाजाने सोडली, आणि जे नेट होतं तेही गेलं.

यापुढे गणिताच्या चौकटीच्या वहीत लिही. एका चौकटीत एक अक्षर, आणि मोकळी जागा म्हणजे रिकामी चौकट. इतकी साधी गोष्ट तुझ्या हातच्या मळाला सुचली नाही.

मग मी स्वतःच वाचायला बसले. कळलं ते असं, की ओळी बरोबर असत्या तरी हा पूल उभा राहिला नसता. यंत्र वायफायवर आहे, आणि वायफाय ओळखीचा एकच चेहरा आत घेतं, त्याच्या मागे लपून आलेल्यांना दारातच अडवतं. पूल बांधायला तार लागते. हे तू कसं विसरलास?

तार आणायची म्हणजे खाली सदाशिवरावांच्या राउटरपासून. मी घरमालकीण तानाबाईंना गाठलं. त्यांच्या कपडे वाळत घालायच्या दोरीच्या कडेकडेने तार वर आणली. सदाशिवराव खुर्चीत बसून बघत होते. म्हणाले, "तार एक, मशीन एक. तिकिटं पाचच. समजलं का, पोरी?" मी मान हलवली. त्यानंतर चौकटीच्या वहीवर ओळी मांडल्या, फाइल भरली, आणि पूल उभा राहिला. चारही लॅपटॉपवर चारही यंत्रं उघडली. पोरींनी पहिली सराव परीक्षा दिली. मला इतका आनंद झाला की मी कोपऱ्यावरून सगळ्यांना समोसे आणले.

समोसा तोंडात असतानाच सदाशिवराव फोन घेऊन वर आले.

"हे भुरीबाई कोण आहे?"

पुलावर आल्यामुळे चौघांनाही स्वतःचा पत्ता मिळाला होता, आणि पत्त्यासोबत तू ठेवलेलं नाव थेट त्यांच्या यादीत जाऊन बसलं होतं. पाच तिकिटं, नऊ प्रवासी. "अन् हा गोविंदा? हा इंद्रजित? हे लालीबाई? माह्या गाडीत बिनतिकीट कोणी बसलं नाही आजलोक."

यंत्रं नऊ आहेत म्हणाले असते तर शब्द मोडल्यासारखं झालं असतं. तोंडातून निघून गेलं, "काका, विद्यार्थी आहेत. आपापला फोन आणतात." त्यांनी समोरच्या चार पोरी मोजल्या. मग म्हणाले, "हे चौघं तर समोर बसून आहेत. ते चौघं कुठं आहेत?" मी म्हणाले, "आत्ताच गेले."

यादीत मात्र ते होतेच. सांग आता.

प्रियंका

•

प्रशिक्षण केंद्र,
१० सप्टेंबर २०२५

प्रिय ताई,

तुझं पत्र मी हसत-हसत तीनदा वाचलं, आणि शेजारच्या खाटेवरच्या अमरने मला वेड लागलं का असं विचारलं. वायफायचं मी विसरलो नव्हतो, तुझी परीक्षा घेत होतो. पास झालीस.

सदाशिवरावांना आता खरं सांगू नको. एकदा थाप मारली की ती निभवावी. भुरीबाई लाजाळू आहे, बिचारीला आई नाही, माणसं दिसली की बुजते, असं तानाबाईंच्या कानावर घाल. बाया विरघळल्या की बाप्ये आपोआप गप्प होतात.

आता एक काम. तू हे सगळं कसं केलंस ते मला क्रमाने लिही. तारेचं कार्ड पुलाला जोडताना त्याचा स्वतःचा पत्ता काढून टाकलास का? चारऐवजी पाच यंत्रं चालतील का? एक बंद पडलं तर बाकीच्यांना धक्का बसतो का? आणि बाहेरच्या यादीत ही नावं दिसू द्यायची नसतील, तर काय करायचं? अर्थात मला सगळं माहीत आहे, तुझी उजळणी व्हावी म्हणून विचारतो. मात्र परतटपाली कळव, आमच्या साहेबांना घाई आहे. म्हणजे मला घाई आहे.

गुडघे आता बरे आहेत. पहाटेच्या धावण्यातून सध्या सूट मिळाली आहे.

संघदीप

•

आर्णी,
१९ सप्टेंबर २०२५

प्रिय संघदीप,

तुझ्या सल्ल्याला आग लागो.

भुरीबाईला आई नाही हे मी तानाबाईंना सांगितलं. त्या विरघळल्या, त्यात तुझं बरोबर निघालं. दुसऱ्या दिवसापासून भुरीबाईसाठी ताट झाकून वर यायला लागलं. भाकर, वांग्याची भाजी, ठेचा. एकदा मुगाचे वडे. निशिगंधा ते सगळं खाते आणि ताट घासून खाली पाठवते. तानाबाई म्हणतात, "गरिबाघरची आहे, पण ताट कसं स्वच्छ ठेवते पाय."

सदाशिवराव मात्र विरघळले नाहीत. दुपारची झोप सोडून ते जिन्यात खुर्ची टाकून बसायला लागले. खालून वर गेलेला आणि वरून खाली आलेला प्रत्येक माणूस त्यांनी पाहिला, त्यात भुरीबाई नव्हती. आणि मी एक चूक करून बसले. यंत्रांना नेटवरून नवीन सामान उतरवून घ्यायचं होतं म्हणून ती रात्रभर चालू ठेवली. सकाळी यादी बघून सदाशिवराव वर आले ते तोंड लाल करूनच.

"दोन बाया अन् दोन गडी रातभर वरच्या खोलीत होते. हे काय चालवून राह्यली तू? हे घरंदाज घर आहे माहं."

मी काही बोलायच्या आत निकाल लागला. विजयादशमीच्या आत चौघांनाही त्यांच्यापुढे उभं करायचं, नाहीतर खोली खाली करायची. तानाबाई मागे उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "भुरीबाईले काही बोलू नका, लेकरू आहे ते." त्यावर मला रडू फुटलं, आणि ते दोघांनाही कबुलीजबाबासारखं वाटलं.

मी एक उपाय काढला आहे. यंत्रात दुसरं कार्ड बसवते. त्या कार्डावर आपला स्वतःचा पूल, त्यावर पोटातली चारही यंत्रं, आणि चारही लॅपटॉप तारेने त्याच पुलावर. आत सगळे एकमेकांना नावाने ओळखतील. बाहेर राउटरकडे मात्र एकटं मोठं यंत्र जाईल, सगळ्यांच्या वतीने, नॅट करून. यादीत नऊऐवजी एकच नाव. भुरीबाई गेली म्हणजे गेली.

तू उजळणी मागितली होतीस. चौकटीच्या कागदावर सगळं क्रमाने मांडून जोडलं आहे. यादीत नावं दाखवायची असली तर कोणत्या ओळी आणि झाकायची असली तर कोणत्या, तेही आहे. एक मुद्दा फक्त चुकवू नको. पाचव्या यंत्राचं नाव 'ताईलाविचार' असंच द्यायचं, इंग्रजी अक्षरांत, सलग. का ते मी लिहीत नाही. तुला माहीतच असेल.

ताई

•

प्रशिक्षण केंद्र,
२४ सप्टेंबर २०२५

प्रिय ताई,

कागद मिळाला. वरवर तपासला, बरोबर आहे. एकदोन ठिकाणी मी वेगळं केलं असतं, पण चालेल. पाचव्या यंत्राच्या नावाचं कारण मला अर्थातच माहीत होतं.

बाबांना घाबरू नको. इथे सध्या फार काम आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. प्रशिक्षणार्थींच्या संगणक वर्गासाठी एका मोठ्या यंत्रात पाच यंत्रं बसवायची आहेत, ते काम सगळे माझ्यावर सोपवून मोकळे झाले. हुशार माणसाचे हाल असतात.

संघदीप

•

आर्णी,
५ ऑक्टोबर २०२५

प्रिय संघदीप,
सप्रेम जयभीम.

तीस तारखेला दुसरं कार्ड बसलं, आतला पूल उभा राहिला, नॅटही लागलं. माझं मलाच कौतुक वाटलं. सदाशिवरावांच्या यादीतल्या आमच्या नऊ नावांपैकी आठ पुसली गेली आणि एक उरलं. मी निवांत झोपले.

सकाळी पोरी येऊन बसल्या तोच दार वाजलं. सदाशिवराव आणि तानाबाई दोघंही दारात. मला वाटलं, आता म्हणतील, बरं झालं. पण सदाशिवरावांचा आवाज बसलेला होता.

"गेले का ते?"

"कोण, काका?"

"चौघं बी गेले. लॅपटॉप बी गेले. सारी गाडी खाली दिसून राह्यली. माह्या बोलण्यावरून गेले काय?" ते खुर्ची ओढून बसले. "म्या एवढी नोकरी केली, पण बाईमाणसाले आडरानात उतरवलं नाही कधी. रागात बोललो असीन. म्हणून कोणी असं न सांगता उतरते?"

तानाबाईंच्या हातात घडी केलेलं लुगडं होतं. हिरवं, बारीक काठाचं. भुरीबाईला दसऱ्याचं म्हणून आणलेलं. "कोठी राहाते ते तरी सांग," त्या म्हणाल्या, "मी सोताहून नेऊन देतो."

संघदीप, त्या क्षणी मला इतकी लाज वाटली की तुला सांगता येत नाही. मी दोघांना मोठ्या यंत्रापुढे बसवलं आणि पडदा उघडला. चार खिडक्या, चार नावं. सगळं सांगितलं. भुरीबाई ही बाई नाही, यंत्र आहे, तेही दुसऱ्या यंत्राच्या पोटातलं. तिला आई नाही हे खरं आहे, पण बापही नाही. ताटं निशिगंधाने खाल्ली. निशिगंधा कोपऱ्यात मान खाली घालून उभी होती.

मी मनात सामान बांधायला घेतलं होतं. मग सदाशिवरावांनी बोट लावून एकेक खिडकी मोजली.

"म्हणजे भुरीबाई हे पाशिंजर नोहे. सीट आहे."

"हो काका."

"अन् त्या सीटावर बसते कोण?"

मी पोरींकडे बोट दाखवलं. त्यांनी चौघींना एकेक करून नाव-गाव विचारलं, परीक्षा कोणती, घरून कितीला निघता. निशिगंधाला म्हणाले, "तुले तर म्या आधीच वळखलं व्हतं. महागावच्या गाडीले तुह्या आजीले बी म्याच तिकीट फाडत होतो." तानाबाईंनी लुगडं निशिगंधाच्या हातात दिलं. वडे कोणी खाल्ले ते कळल्याचं त्यांना समाधान वाटलं असावं.

मग सदाशिवराव मला म्हणाले, "ते नावं माह्या फोनात परत आण."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. तीन दिवस खपून मी ती नावं झाकली होती. पण ते ऐकेनात. पोरं दोन्ही पुण्याला, घरात फोन दोन, राउटरची यादी दोन ओळींत संपते. "जेवण झाल्यावर पाहून घेत होतो, कोण चढलं, कोण उतरलं. बरं वाटे. खाली गाडीत कंडक्टरचं काय काम आहे?" शेवटी मी आतला पूल पुन्हा बाहेरच्या तारेला जोडला. नऊच्या नऊ जण यादीत परत आले. सदाशिवरावांनी वरून खालपर्यंत वाचलं आणि विचारलं, "उभ्यानं अजून किती घेशील?"

परवा बाबा आले. दीक्षाभूमीवरून थेट, खांद्याला पिशवी, डोळे तारवटलेले. सदाशिवरावांनी त्यांना वर येऊच दिलं नाही, आधी खाली बसवून फोन दाखवला. "पाहा नागोराव, तुमच्या पोरीची गाडी फुल्ल आहे."

बाबांनी चश्मा लावून वाचलं. "भुरीबाई? आमच्या गल्लीतली भुरीबाई? तिले कॉम्प्युटर कवापासून येऊन राह्यला?"

सदाशिवरावांची मिशीसुद्धा हलली नाही. ते म्हणाले, "लय हुशार बाई आहे. रातभर अभ्यास करते."

बाबा वर आले, चौघी पोरी सराव परीक्षा देत होत्या, ते दारातच उभे राहिले. चहा झाल्यावर म्हणाले, "तुह्या आत्याले सांगून टाकतो, सध्या राहू दे म्हणून." एवढंच. पण जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी लहान असताना ठेवायचे तसा.

आता तुझं. प्रश्न उजळणीचे नव्हते, हे मला दहा तारखेच्या पत्रातच कळलं. पहाटेच्या धावण्यातून तुला सूट कशाबद्दल मिळाली तेही कळलं. म्हणून सांगते, पाचव्या यंत्राच्या नावाला काहीही कारण नाही.

तुझी,
ताई

•

प्रशिक्षण केंद्र,
१३ ऑक्टोबर २०२५

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र आलं तेव्हा उशीर झाला होता. पाचही यंत्रं बसली, वर्ग भरला, साहेबांनी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर राउटरची यादी लावली. पहिली चार नावं वाचून ते "शाब्बास" म्हणाले. मग पाचवं वाचलं. मोठ्याने, सलग.

"हे काय आहे?"

मी सावधान उभा राहिलो. माहीत असतं तर बोललो असतो. अमरने मागून सांगितलं, "साहेब, याची मोठी बहीण आर्णीला आहे. दर पंधरवड्याले पत्र येते." साहेबांनी माझी वही मागितली. तुझा चौकटीचा कागद तिच्यातच होता, तुझ्या अक्षरात.

धावणं परत सुरू झालं आहे. गुडघ्यांचं कोणी ऐकत नाही. शिक्षा म्हणून एवढंच, पण पाचव्या यंत्राचं नाव बदलायचं नाही असा साहेबांचा हुकूम आहे. इथे कोणाचं काही अडलं की सगळे एकमेकांना तेच नाव सांगतात, आणि तुझ्यावर मला राग यायच्या ऐवजी अभिमान वाटतो. बाबांनी डोक्यावर हात ठेवला ते वाचून मी थोडा वेळ बाहेर जाऊन उभा राहिलो होतो.

काल वर्गातलं नेट गेलं. पाचही यंत्रं आत एकमेकांशी बोलतात, बाहेर कोणाचाच आवाज जात नाही. मी दुपारभर खटपट केली. साहेब येऊन मागे उभे राहिले आणि म्हणाले, "काहून रे, पाचव्या मशीनीवर काय लिहून आहे ते वाचता येत नाही काय?"

म्हणून विचारून राह्यलो, ताई. चौकटीचा कोरा कागद सोबत जोडला आहे.

संघदीप